थोडक्या खर्चात सागरतीरी : पुरीच्या कौटुंबिक सहलीचा बेत

सुटी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कोठे जावयाचे? मुलांना समुद्र हवा असतो. वडीलधाऱ्या मंडळींना एखादे क्षेत्र घडावे असे वाटते. गृहिणीला चार दिवस चुलीपासून दूर राहावयाचे असते. आणि ज्याच्या हाती घरखर्चाची वही असते, त्याला या तिन्ही इच्छांची बेरीज महिन्याच्या मिळकतीत बसवावयाची असते. ती बसत नाही असे दिसले की बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर उसनवारी करून घाईगर्दीचा प्रवास होतो व पुढले तीन महिने घर त्याची झळ सोशीत राहते. किंवा बेत पुढच्या वर्षावर जातो.

बेत पुढच्या वर्षावर जाणे हे वरवर निरुपद्रवी वाटते. पण घरात सत्तरी गाठलेली आई असेल, तर पुढचे वर्ष आपल्या हातचे नसते. आज जे गुडघे बावीस पायऱ्या चढू शकतात, ते दोन वर्षांनी चढतीलच असे नाही. मुलांचेही तसेच आहे. वाळूत किल्ला बांधण्याचे वय एकदाच येते, आणि ते परीक्षांच्या व शिकवण्यांच्या धांदलीत केव्हा निघून जाते हे कळतही नाही. म्हणून सहल ही चैनीची बाब मानून सतत लांबणीवर टाकण्यापेक्षा, ती आपल्या ऐपतीत कशी बसेल याचा विचार करणे अधिक शहाणपणाचे होय. या लेखात ओडिशातील पुरी हे ठिकाण उदाहरणादाखल घेऊन तो विचार करावयाचा आहे.

पुरीच का?

पुरी हे चार धामांपैकी एक धाम आहे आणि पूर्व किनाऱ्यावरील एक गजबजलेले सागरतीरही आहे. आजीला देवदर्शन घडेल, नातवंडे लाटांशी खेळतील, आणि त्यासाठी दोन वेगवेगळी गावे करावी लागणार नाहीत; देऊळ व समुद्र यांच्यामध्ये फार तर दोनतीन किलोमीटरांचे अंतर आहे. १८९७ साली येथे रेल्वे आली. तेव्हापासून सामान्य मिळकतीच्या यात्रेकरूंची येथे रीघ लागलेली असते, आणि त्यांच्या ऐपतीला परवडेल अशी राहण्याजेवण्याची सोयही त्या मानाने होत आलेली आहे. केवळ श्रीमंत प्रवाशांवर चालणाऱ्या गावात आपल्याला आपल्या खिशाची लाज वाटू लागते. पुरीत तसे वाटत नाही.

मराठी वाचकांना हे गाव अगदीच परके नाही. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशाचा बराच मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. जगन्नाथाच्या देवळाच्या सिंहद्वारासमोर जो उंच, एकसंध पाषाणाचा अरुणस्तंभ उभा आहे, तो त्याच काळात कोणार्कहून आणून येथे उभारण्यात आला. शिवाय मुंबई, रत्नागिरी, मालवण या बाजूंना ज्यांनी सूर्य समुद्रात मावळतानाच पाहिलेला असतो, त्यांना तो समुद्रातून वर येताना पाहण्याचे नवल येथे अनुभवावयास मिळते. त्यासाठी तिकीट लागत नाही. पहाटे उठावे मात्र लागते.

सर्वांत आधी कोण थकेल?

स्वस्त सहल म्हणजे जितके फिरता येईल तितके थोडक्या पैशांत फिरून घेणे, अशी एक समजूत आहे. पाच दिवसांत सात गावे पाहणारे कुटुंब घरी परतते तेव्हा त्याच्यापाशी छायाचित्रे पुष्कळ असतात, पण विश्रांती मुळीच नसते. आणि हिशेब मांडून पाहिला तर अशी सहल स्वस्तही पडलेली नसते. प्रत्येक नव्या गावी रिक्षा, हमाल, नवी खोली, अवेळी व मिळेल तेथे घेतलेले जेवण, यांत पैसा पाण्यासारखा जातो.

याउलट एक साधा नियम धरून पाहा. कुटुंबात जो सर्वांत आधी थकतो, त्याच्या पायांनी सहलीची लांबी मोजावी. ती वृद्ध आई असेल, पाच वर्षांचा मुलगा असेल, किंवा नुकतीच आजारातून उठलेली पत्नी असेल. त्या व्यक्तीला झेपेल इतकाच कार्यक्रम ठरविला की एकाच गावी मुक्काम होतो, सामानाची उचलठेव एकदाच होते, दुपारी विश्रांती मिळते, आणि खर्च आपोआप आवरतो. सावकाश केलेली सहल हीच बहुधा सर्वांत कमी खर्चाची सहल असते. पुरीसाठी चार दिवस व तीन रात्री हे प्रमाण बहुतेक कुटुंबांना पुरे होते. कोलकाता किंवा विशाखापट्टणमसारख्या जवळच्या शहरांतून येणाऱ्यांनी प्रवासात वाचलेल्या पैशांतून आणखी एक रात्र राहावे.

केव्हा जावे?

पुरीची हवा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सर्वांत सुखकर असते. उन्हाळ्यात उकाडा व घाम फार. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. शाळांना उन्हाळ्यातच मोठी सुटी असते म्हणून मे महिन्यात जाण्याचा मोह होतो. पण या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आधी व नंतर चक्रीवादळांचा संभव असतो हे विसरू नये. ३ मे २०१९ रोजी फनी हे प्रचंड चक्रीवादळ पुरीपाशीच किनाऱ्यावर येऊन थडकले. त्याआधी राज्य शासनाने दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलविले होते, आणि पर्यटकांनाही गाव सोडण्यास सांगण्यात आले होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा मे या महिन्यांत जावयाचे झाल्यास निघण्यापूर्वी हवामान खात्याचे इशारे रोज पाहावेत. इशारा असेल तर तिकिटाचे काही पैसे बुडाले तरी हरकत नाही, पण बेत रद्द करावा.

गर्दीचाही हिशेब हवा. दुर्गापूजेच्या व नाताळच्या सुटीत बंगालमधून येणाऱ्या कुटुंबांनी पुरी फुलून जाते. कार्तिक महिन्याचे शेवटचे पाच दिवस यात्रेकरूंचे असतात. या दिवसांत खोल्यांचे दर चढतात व देवळात उभे राहण्यास जागा नसते. आषाढ शुद्ध द्वितीयेची रथयात्रा हा जन्मात एकदा पाहावा असा सोहळा खरा. पण लहान मुले व अशक्त वृद्ध यांना घेऊन करावयाची ती सहल नव्हे.

एक गोष्ट मात्र आवर्जून ध्यानात ठेवावी. ज्येष्ठ पौर्णिमेस देवांचे स्नान होते व त्यानंतर सुमारे पंधरा दिवस, ज्यांना ‘अणसर’ म्हणतात, मूर्तींचे नित्याचे दर्शन बंद असते. आईला जगन्नाथाचे दर्शन घडावे म्हणून इतक्या लांबून यावे आणि नेमके त्याच पंधरवड्यात यावे, यापरते दुर्दैव नाही. पंचांग पाहिल्यावाचून तिकिटे काढू नयेत. शाळेचा विचार करता नाताळची गर्दी सुरू होण्यापूर्वीचा डिसेंबर, किंवा संक्रांतीनंतरच्या जोडसुट्या हा काळ पुष्कळांना सोयीचा पडेल.

रेल्वेचा प्रवास

पुरी हे रेल्वेचे शेवटचे स्थानक आहे. हावडा–चेन्नई या मुख्य मार्गावरील खुर्दा रोड जंक्शनपासून ते सुमारे ४४ किलोमीटर दूर आहे. म्हणून आपल्या गावाहून पुरीची थेट गाडी नसेल, तर खुर्दा रोड किंवा भुवनेश्वर येथे उतरून पुढची गाडी अथवा बस धरता येते. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पुरीस थेट गाड्या आहेत. अहमदाबादहून येणाऱ्या गाड्या नागपूर, रायपूर या वाटेने पुरीस पोहोचतात. दिल्ली व कोलकाता येथूनही थेट गाड्या आहेत. कोलकात्याकडील मंडळींना हा एका रात्रीचा प्रवास आहे. मुंबईकरांनी मात्र जाण्यास व येण्यास प्रत्येकी सुमारे दीड दिवस धरावा.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या तारखेआधी ६० दिवस खुले होते. तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. कारण तिकीट वेळेवर मिळाले नाही, तर पुढचा सारा बेत महाग होतो. हिवाळ्यात शयनयान श्रेणीने रात्रीचा प्रवास सुखाने होतो. अंगावर घेण्यास एकेक जाड चादर मात्र जवळ असावी. वातानुकूलित डब्यासाठी द्यावा लागणारा जादा पैसा पुरीतील मुक्कामासाठी राखून ठेवलेला बरा. अपवाद एकच : घरातील वृद्धांना दीड दिवसाचा प्रवास झेपणार नसेल, तर निदान त्यांच्यासाठी व त्यांच्या सोबत्यासाठी वरची श्रेणी घ्यावी.

मुलांच्या तिकिटांचा नियम नीट समजून घ्यावा. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्या व बारा वर्षांखालील मुलास स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे पडते. बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. आईवडिलांचे तिकीट त्या कोट्यातून काढण्याचा प्रयत्न करावा. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबविण्यात आली, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून अंदाजपत्रक करू नये. केंद्र शासनाच्या सेवेतील वाचकांना रजा प्रवास सवलतीचा लाभ घेता येईल. पण ती प्रवासभाड्यापुरतीच असते, मुक्काम व भोजन पदरचेच धरावे.

गाडीतील पहिल्या दिवसाचे जेवण घरचे असावे. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, सुकी चटणी, भाजणीचे थालीपीठ, चिवडा व फळे एवढ्यावर पहिला दिवस निभावतो. मात्र शिळ्याचा अट्टाहास करू नये. दुसऱ्या दिवशी मुलांना गरम भात व वरण विकत घेऊन देण्यात उधळपट्टी नाही.

मुक्काम कोठे करावा?

पुरीत राहण्याच्या जागांचे अनेक प्रकार आहेत. देवळाजवळ धर्मशाळा व मठ आहेत. मंदिर प्रशासनाची भक्तनिवासे आहेत. राज्य पर्यटन महामंडळाचा पांथनिवास आहे. बँका, विमा कंपन्या व निरनिराळ्या कार्यालयांची आपापल्या कर्मचाऱ्यांसाठी विश्रामगृहे आहेत. घरातील कोणी नोकरीत असेल, तर त्याच्या कार्यालयात वा कर्मचारी संघटनेत अशी काही सोय आहे काय, याची चौकशी सर्वांत आधी करावी. पुष्कळांना आपल्याच कार्यालयाची सोय ठाऊक नसते.

जागा निवडताना पलंग किती व दर किती, एवढेच विचारून थांबू नये. खोली तळमजल्यावर आहे काय किंवा उद्वाहन चालते काय, शौचालय खोलीला लागून आहे काय व ते भारतीय पद्धतीचे की खुर्चीचे, आंघोळीला गरम पाणी मिळते काय, समुद्रावरून आल्यावर वाळू धुण्यास बाहेर नळ आहे काय, हे प्रश्न विचारावेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या दृष्टीने समुद्राचे दृश्य दाखविणाऱ्या तिसऱ्या मजल्यापेक्षा तळमजल्यावरची साधी खोली मोलाची असते. समुद्रासमोरच्या पहिल्या रांगेपासून एकदोन गल्ल्या आत गेल्यास दर सहसा उतरतात. चालत पाच मिनिटांवर समुद्र असला म्हणजे झाले. आगाऊ पैसे पाठविण्यापूर्वी जागा खरी आहे याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी व पावती जपून ठेवावी.

जेवण, आणि गृहिणीची सुटी

काही ठिकाणी खोलीबरोबर स्वयंपाकाची सोयही मिळते. स्टोव्ह, भांडी, मसाल्याचा डबा घेऊन गेल्यास जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो असे पुष्कळ जण सांगतात. ते खरेही असेल. पण त्या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून जाते. मुले लाटांशी खेळत असताना जी बाई खोलीत पोळ्या लाटीत बसते, तिच्यासाठी सुटी कोठे झाली? घरी जे काम ती वर्षभर करते, तेच पैसे खर्चून दुसऱ्या गावी करावयास तिला नेणे याला काटकसर म्हणू नये. तान्ह्या मुलाचे दूध, आजोबांचा पथ्याचा भात एवढ्यापुरती विजेची किटली किंवा लहान भांडे जवळ असावे. बाकीचे जेवण बाहेर घ्यावे.

आणि पुरीत बाहेरचे जेवण महागच असावे लागत नाही. जगन्नाथाच्या देवळातील महाप्रसाद हे या गावाचे मोठे वैशिष्ट्य आहे. मातीच्या मडक्यांची एकावर एक उतरंड रचून, लाकडाच्या विस्तवावर तो शिजतो. जगन्नाथाला व त्यानंतर विमलादेवीला नैवेद्य दाखविला की त्या अन्नाला महाप्रसाद म्हणतात. भात, डाळ, डाळीत भाज्या शिजवून केलेला डालमा, मोहरी लावलेली भाजी व खीर असे त्याचे प्रकार. त्यात कांदा व लसूण नसतात. देवळाच्या आवारातील आनंदबाजारात तो मडक्यांच्या हिशेबाने विकत मिळतो, आणि तेथे जातपात न पाहता सर्व जण एकत्र बसून जेवतात. दर आधी विचारावा, किती माणसांना किती मडकी लागतील हे विचारावे, आणि जरुरीपुरतेच घ्यावे. नैवेद्य झाल्यावरच तो मिळत असल्यामुळे लहान मुलांना सकाळचा फराळ पोटभर देऊन मगच देवळात जावे.

ओडिशातील लोक भातखाऊ आहेत. पोळीवाचून ज्यांचे पोट भरत नाही त्यांना ती भोजनगृहांत मिळते. गोडात पुरीचा खाजा प्रसिद्ध आहे. तो कोरडा व टिकाऊ असल्याने घरी नेण्यासही सोयीचा. भाजलेल्या छेन्याचा छेनापोडा मात्र तेथेच ताजा खावा. पाण्याच्या बाटल्यांवर होणारा खर्चही येथे टाळता येतो. जुलै २०२१ मध्ये पुरीत नळाचे थेट पिण्याजोगे पाणी अहोरात्र पुरविण्याची योजना सुरू झाली व ठिकठिकाणी सार्वजनिक नळ बसविण्यात आले. प्रत्येकाची एकेक बाटली घरूनच न्यावी.

समुद्र : येथे काटकसर नको

वाचकहो, पुरीचा समुद्र देखणा आहे, पण तो गरीब नाही. येथे लाटा जोरात फुटतात, वाळूचा उतार एकाएकी खोल जातो, आणि किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्टीतून वेगाने आत ओढले जाते. दोन फेसाळ लाटांच्या मध्ये जो शांत, काळसर पट्टा दिसतो, तो नवख्या माणसाला सुरक्षित वाटतो. पुष्कळदा ओढ नेमकी तेथेच असते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्याही पायांखालची वाळू लाट काढून नेते.

म्हणून काही नियम सर्वांनी पाळावेत. पहाटे अंधारात, सायंकाळनंतर, भरल्या पोटी किंवा मद्य घेतलेल्या अवस्थेत पाण्यात उतरू नये. जेथे जीवरक्षक असतील तेथेच स्नान करावे, आणि त्यांनी मनाई केल्यास वाद घालू नये. मुलांचा हात एका मोठ्या माणसाने धरलेला असावा. हवेच्या नळीवर किंवा रबरी चाकावर विसंबू नये. नऊवारी किंवा पाचवारी लुगडे पाण्याने जड होऊन पायांत गुंडाळते, तेव्हा स्त्रियांनी सुती सलवार-कुडत्यासारखे आटोपशीर कपडे घालावेत. एखाद्यास पाणी आत ओढू लागलेच, तर त्याने किनाऱ्याकडे झुंजत येण्याचा प्रयत्न करू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर असे बाजूला सरकत जावे. ओढीची पट्टी बहुधा अरुंद असते. तिच्या बाहेर आले की लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात. त्याला वाचविण्यासाठी न पोहणाऱ्या दुसऱ्याने पाण्यात उडी घेऊ नये.

पुरीत ‘नूलिया’ नावाचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना समुद्रस्नान घडवीत आले आहेत. ते मुख्यतः तेलुगू बोलणारे असून, वेताची निमुळती टोपी ही त्यांची जुनी ओळख आहे. थोडे पैसे ठरवून नूलिया सोबत घेतला, तर आजीलाही हात धरून चार लाटा अंगावर घेता येतील. हे पैसे वाचविण्याचे नव्हेत. किनाऱ्याच्या एका भागाला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तेथे स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या व जीवरक्षक यांची व्यवस्था करण्यात आली आहे. बायकामुलांसह स्नानास जाण्यास ती जागा सोयीची.

देवदर्शन

जगन्नाथाचे देऊळ बाराव्या शतकातील असून ते उभारण्याचे श्रेय गंग वंशातील अनंतवर्मन चोडगंगदेव याला दिले जाते. पूर्वेच्या सिंहद्वारातून आत शिरले की बावीस पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांना ‘बाईशी पहाच’ म्हणतात. ज्यांना चढ सोसत नाही त्यांनी मध्ये थांबत चढावे व गर्दी कमी असेल अशी वेळ साधावी. मोबाईल, कॅमेरा व कातडी वस्तू आत नेता येत नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून वेषाचाही नियम लागू झाला आहे. अर्ध्या विजारी, फाटकी जीन्स, बाह्या नसलेले कपडे चालत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे दारापर्यंत येऊन परत फिरण्याची वेळ येऊ नये. आत गेल्यावर चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे हे आधीच ठरवावे, कारण तेथे मोबाईल नसतो. मुलांच्या खिशात राहत्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असावी.

सामान्य दर्शनास शुल्क नाही. पंड्यांकडून पूजा करवावयाची असेल तर दक्षिणा आधी मोकळेपणाने ठरवावी. नको असेल तर नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणावे. काही विधींच्या वेळी दर्शन काही तास बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. देवळात केवळ हिंदूंना प्रवेश आहे. अन्यधर्मीय मित्र सोबत असतील तर त्यांना ही गोष्ट आधीच सांगावी. सिंहद्वारातील पतितपावनाची मूर्ती रस्त्यावरून दिसते, तिचे दर्शन सर्वांना घेता येते.

आसपासचे एखादे ठिकाण

कोणार्कचे सूर्यमंदिर पुरीपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर आहे व बसने तेथे जाऊन सायंकाळपूर्वी परतता येते. तेराव्या शतकात राजा पहिला नरसिंहदेव याने ते बांधविले. चोवीस चाकांचा, सात घोड्यांनी ओढलेला सूर्याचा रथ अशी त्याची कल्पना आहे. मुख्य शिखर कधीच ढासळले आहे, आणि उभा राहिलेला मंडप कोसळू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो आतून वाळूने भरण्यात आला; म्हणून मंदिर बाहेरूनच पाहावयाचे असते. १९८४ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क पडत नाही. १ ते ५ डिसेंबर या दिवसांत तेथे नृत्यमहोत्सव असतो. सावली थोडी असल्याने सकाळी लवकर जावे व टोप्या न्याव्यात.

पुरीपासून दहाबारा किलोमीटरांवर रघुराजपूर हे चित्रकारांचे गाव आहे. चिंचोक्यांची खळ व खडूची पूड लावून तयार केलेल्या कापडावर येथे पट्टचित्रे काढतात. ओडिसी नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र यांचे हे जन्मगाव. चित्रे घरोघरी काढली जातात, ती पाहता येतात, आणि विकत घेतल्यास पैसे थेट कलावंताच्या हाती पडतात. एखादे लहानसे चित्र ही बाजारातील दहा प्लॅस्टिकच्या वस्तूंपेक्षा चांगली आठवण ठरेल.

चिल्का सरोवर पाहावयाचे झाल्यास सातपाडा हे ठिकाण सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. तेथे होडीतून इरावडी जातीचे डॉल्फिन दिसण्याचा संभव असतो, आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात. होडी पुरी ठरवावी लागत असल्याने दुसऱ्या एखाद्या कुटुंबाबरोबर ती वाटून घेतल्यास खर्च निम्मा होतो. तरंगते जाकीट अंगात घातल्यावाचून बसू नये. तिन्ही ठिकाणे एकाच फेरीत उरकण्याचा हट्ट मात्र नको. कोणार्क व रघुराजपूर, किंवा कोणार्क व चिल्का, अशी दोन निवडावीत.

पैशांची वाटणी

आता वहीकडे वळू. सहलीसाठी जी रक्कम कर्ज न काढता बाजूला पडली असेल, तिच्या दर शंभर रुपयांची वाटणी पुढीलप्रमाणे करून पाहावी. प्रवासभाड्यास ४० रुपये, मुक्कामास २५, जेवणखाणास १५, स्थानिक वाहने व प्रवेशशुल्क यांस ७, दक्षिणा व खरेदी यांस ३. उरलेले १० रुपये कोणत्याही खर्चासाठी धरू नयेत. एखाद्यास ताप आला, गाडी चुकली, वादळामुळे एक दिवस अधिक राहावे लागले, तर ते उपयोगी पडतात. आणि काहीच न घडल्यास पुढच्या सहलीची ती पहिली ठेव होते. लांबून येणाऱ्यांचा प्रवासखर्च जास्त होईल. त्यांनी मुक्काम साधा करावा, पण या दहा रुपयांना हात लावू नये.

शंभराची ही बेरीज आपल्या जमलेल्या रकमेत बसत नसेल, तर सहा महिने आधीपासून दरमहा थोडे बाजूला टाकावे. त्यात मुलांनाही सामील करून घ्यावे. पुरीस जाण्यासाठी साठविलेल्या डब्यात जो मुलगा आपले दोन रुपये टाकतो, तो तेथे पोहोचल्यावर प्रत्येक फिरत्या विक्रेत्यापाशी हट्ट धरीत नाही.

चार दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी पोहोचल्यावर विश्रांती घ्यावी व सायंकाळी फक्त समुद्रावर बसावे. दुसऱ्या दिवशी सूर्योदय व स्नान, मग फराळ, मग देवदर्शन व महाप्रसाद, दुपारी झोप. तिसऱ्या दिवशी कोणार्क. चौथ्या दिवशी सकाळी रघुराजपूर किंवा चिल्का, आणि रात्रीच्या गाडीने परत. घरातील वृद्ध व्यक्तीला तिसऱ्या दिवशी थकवा वाटल्यास तिला खोलीवर एकटी न ठेवता कोणीतरी सोबत राहावे व कोणार्क बाकीच्यांनी पाहावे. पुढच्या वेळी सोबत राहणाऱ्याची पाळी बदलावी, म्हणजे त्याग नेहमी एकाच्याच वाट्याला येत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. पण अंथरूण लहान आहे म्हणून उभ्यानेच रात्र काढावी असा त्याचा अर्थ नव्हे. आज संध्याकाळी जेवणे झाल्यावर घरातील सर्वांना एकत्र बसवा. पंचांग, शाळेची दिनदर्शिका व खर्चाची वही समोर ठेवा, आणि आईला विचारा की तिला कोणत्या महिन्यात जाणे सोसेल. तिचे उत्तर मिळाले की तारीख ठरवा. आरक्षण खुले होण्यास किती दिवस उरले आहेत, हे मुलांना मोजू द्या.